बाळंतिणीचा स्तनदाह आणि उपकारक जंतु

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांना नवल वाटेल. जंतु म्हटला कीं तो उकळून मारावयाचा, औषधानें हटवावयाचा, असें आपण शाळेपासून शिकत आलों. मींही तीसएक वर्षें वर्गांत हेंच शिकविलें. आतां मात्र औषधांच्या दुकानांत जंतु विकत मिळतात, आणि ते जिवंत आहेत हाच त्यांचा मोठा गुण म्हणून वेष्टनावर छापलेला असतो. प्रोबायोटिक म्हणतात ते हेच. "गरोदरपणाचे शेवटचे दोन-अडीच महिने हें घ्या, म्हणजे बाळंत झाल्यावर थान सुजणार नाहीं," असें आमच्या नेरूळच्या वसाहतींतल्या लेकीसुनांच्या कानांवर येऊं लागलें आहे. यांत खरें किती, हें विचारावयास त्या माझ्याकडे येतात. मी कांहीं वैद्य नव्हे, परंतु डोळे अजून शाबूत असलेला व वाचावयास वेळ असलेला एक म्हातारा मास्तर शेजारीं राहतो, एवढेंच त्याचें कारण. या प्रश्नाचें उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' असें एका शब्दांत देतां येत नाहीं, म्हणून थोडा विस्तार करतों.

प्रथम दुखणें काय आहे तें पाहूं. बाळ अंगावर पीत असतांना कधीं कधीं थानाचा एखादा भाग कठीण होतो, त्यावर लाली येते, तेथें हात लावूं देववत नाहीं. मग हुडहुडी भरून ताप चढतो व अंग मोडून येतें. डॉक्टर याला स्तनदाह म्हणतात. गाई-म्हशींच्या कासेला हेंच झालें म्हणजे आपले शेतकरी त्याला 'दगडी' म्हणतात, आणि त्या एका शब्दांत सारें वर्णन येऊन जातें. सुश्रुतसंहितेंतही स्तनविद्रधीचा, म्हणजे थानांतील गळवाचा, विचार आहे. तेव्हां हें दुखणें कांहीं नव्या जमान्याचें नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००० सालीं यावर एक पुस्तिका काढली. निरनिराळ्या पाहण्यांत अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांपैकीं कोठें शेंकडा दोन-चार, तर कोठें शेंकडा ३३ स्त्रियांना हा विकार झालेला आढळला, परंतु बहुधा हें प्रमाण शेंकडा १० च्या आंतच असतें, असें तींत नमूद आहे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत, त्यांतही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत, याचा उपद्रव विशेष.

दूध आंत तुंबून राहणें व जंतूंचा शिरकाव होणें हीं याचीं दोन कारणें. बाळाच्या तोंडांत केवळ स्तनाग्राचें टोंक गेलें तर त्याला दूध नीट ओढतां येत नाहीं. स्तनाग्राला भेगा पडतात, दूध आंत सांचतें, आणि आपल्या कातडीवर व नाकांत एरवीं गुपचूप राहणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस नांवाचा जंतु तेथें आपलें बस्तान बसवितो. परंतु खरी हानि याच्या पुढची आहे. थान सुजलें कीं घरांतील एखादी वडीलधारी बाई म्हणते, "दूध नासलें ग, बाळाला पाजूं नको." बाळाच्या तोंडचें दूध तोडलें जातें, पावडरीचा डबा घरांत येतो, तुंबलेलें दूध आणखी तुंबतें आणि सुजेचें गळूं होतें. पंधरा दिवसांत बरें होणाऱ्या एका दुखण्यापायीं बाळाचें सहा महिन्यांचें हक्काचें अन्न जातें. हें दुखणें आधींच टाळतां आलें तर केवढें बरें, असें कोणालाही वाटेल.

जंतूकडून जंतूचा बंदोबस्त करावा ही कल्पना मात्र शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोंचतो. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत एली मेचनिकोफ नांवाचे रशियन शास्त्रज्ञ होते. रक्तांतील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हा त्यांचा शोध, व त्याबद्दल १९०८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. बल्गेरियांतील शेतकरी दीर्घायुषी असतात, ते आंबविलेलें दूध पितात, म्हणून त्या दुधांतील जंतु आंतड्यांत जाऊन घाणेरड्या जंतूंना हांकलीत असले पाहिजेत, असा त्यांनीं तर्क बांधला. त्या दुधांतला जंतु ग्रिगोरोव्ह नांवाच्या तरुण बल्गेरियन वैद्यानें १९०५ सालीं जिनेव्हा येथें शोधून काढला होता. मेचनिकोफ स्वतः नेमानें आंबट दूध पीत. ते १९१६ सालीं एकाहत्तराव्या वर्षीं वारले. याच मेचनिकोफ यांचे ओडेसा येथील शिष्य म्हणजे वाल्डेमार हाफकिन. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगनें थैमान घातलें तेव्हां ते येथें आले, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांनीं लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. गुरूनें जिवंत जंतु पोटांत घेण्याचा उपदेश केला, तर शिष्यानें मेलेल्या जंतूंची लस टोंचली. शिष्याचें म्हणणें लौकर सिद्ध झालें. गुरूच्या म्हणण्याची छाननी अद्याप चालूच आहे.

हाफकिन संस्थेचा उल्लेख झाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगतों, कारण गरोदर स्त्रीला कांहीं नवें खावयास घालावयाचें तर तें कसें पारखून घ्यावें, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाहीं. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी मुंबईंत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणीं भयंकर पंडुरोग होई व कित्येकी त्यांत दगावत. विल्सबाईंनीं निरनिराळ्या थरांतील स्त्रियांचा आहार तपासला, हा रोग कोणा जंतूमुळें होतो काय याची चौकशी केली, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि शेवटीं यीस्टचा अर्क, जो मार्माइट या नांवानें पावाला लावून खातात, तो दिल्यानें या स्त्रिया सुधारतात असें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक ॲसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला लोहाबरोबर याचीच गोळी देतात. मुंबईच्या गिरणी-कामकरणीच्या दुखण्यांतून निघालेली ही गोळी साऱ्या जगांतल्या गर्भिणी घेत आहेत, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत असावयास हवी होती. असो.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. आईचें दूध निर्जंतुक असतें अशी पुष्कळ वर्षें समजूत होती. २००३ सालीं स्पेनमधील माद्रिद येथील संशोधकांनीं दाखविलें कीं निरोगी आईच्या दुधांतही दह्यांतल्यासारखे आम्ल करणारे जंतु असतात. ते तेथें येतात कोठून? कातडीवरून व बाळाच्या तोंडांतून येतात हें उघडच आहे. परंतु कांहीं जंतु आईच्या आंतड्यांतून, शरीराच्या पहारेकरी पेशींच्या खांद्यावर बसून, थानापर्यंत जात असावेत असा त्या मंडळींचा तर्क आहे. या तर्कावर अद्याप वाद चालू आहे. परंतु तो खरा असेल, तर पोटांत घेतलेल्या जंतूचा थानाला उपयोग कां होऊं नये, हा पुढचा प्रश्न ओघानेंच आला.

त्याच विद्यापीठाच्या मंडळींनीं २०१६ सालीं आपल्या प्रयोगाचा निकाल छापला. ज्यांना पूर्वींच्या बाळंतपणांत स्तनदाह होऊन गेला होता अशा १०८ गर्भिणी त्यांनीं निवडल्या. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला तिसाव्या आठवड्यापासून बाळंत होईपर्यंत लॅक्टोबॅसिलस सॅलिव्हेरियस जातीचा 'पीएस २' हा वाण रोज सुमारें १०० कोटि या हिशेबानें दिला, दुसऱ्याला नुसती तशीच दिसणारी पूड. जंतु घेणाऱ्या ५५ जणींपैकीं १४ जणींना, म्हणजे शेंकडा २५ जणींना, स्तनदाह झाला. न घेणाऱ्या ५३ पैकीं ३० जणींना, म्हणजे शेंकडा ५७ जणींना झाला. हिशेब केला तर तीन जणींनीं घेतलें असतां एकीचें दुखणें टळलें असें होतें. कोणत्याही औषधाला हा निकाल भूषणावह आहे. पुढें २०१७ सालीं दुसऱ्या एका स्पॅनिश प्रयोगाचा वृत्तांत आला. त्यांत बाळंतपणाच्या वेळीं प्रतिजैविकें दिलेल्या ६२५ स्त्रिया घेतल्या होत्या, आणि लॅक्टोबॅसिलस फर्मेंटम जातीचा जंतु बाळंतपणानंतर १६ आठवडे दिला होता. जंतु घेणाऱ्यांत १६ जणींना व न घेणाऱ्यांत ३० जणींना विकार झाला. हेंही उत्साहजनक खरें, परंतु ६२५ पैकीं शेवटपर्यंत टिकल्या अवघ्या २९१. वर्गांत निम्म्याहून अधिक मुलें परीक्षेपूर्वींच गळालीं, तर उरलेल्यांच्या गुणांवरून शिक्षकाची पारख करतांना आपण जरा जपूनच बोलतों.

याहून मोठी अडचण पुढें आहे. वैद्यकांतील सर्व प्रयोग गोळा करून त्यांची निःपक्षपाती छाननी करणारी कॉक्रेन नांवाची एक संस्था आहे. तिनें २०२० सालीं स्तनदाह टाळण्याच्या उपायांचा आढावा घेतला. दहा प्रयोग, ३०३४ स्त्रिया. प्रोबायोटिकनें धोका कमी होत असावा, परंतु पुरावा कच्चा आहे, असा तिचा अभिप्राय पडला. त्याच अहवालांत एक गोष्ट नमूद आहे, ती मला फार खटकते. प्रोबायोटिकची सर्वांत मोठी चांचणी ६३९ स्त्रियांवर झाली होती; परंतु जंतु पुरविणारी कंपनी आणि संशोधक यांच्यांतील करारामुळें तिचे आकडे या परीक्षकांना मिळूंच शकले नाहींत. सर्वांत मोठ्या तुकडीच्या उत्तरपत्रिका कपाटांत कुलूपबंद ठेवून उरलेल्या पोरांच्या गुणांवर शाळेचा निकाल लावावा, तसाच हा प्रकार. त्या बायकांनीं आपलें शरीर विश्वासानें पुढें केलें तें साऱ्या बायकांना उपयोग व्हावा म्हणून. तो हिशेब कोणा व्यापाऱ्याच्या तिजोरींत पडून राहावा, हें मला तरी न्यायाचें वाटत नाहीं.

आणखी एक सावधगिरीची सूचना. "उपकारक जंतूच ते, उपाय नाहीं झाला तर अपायही नाहीं," असें दुकानदार म्हणतो. २०२१ सालीं कॉक्रेननेंच गरोदरपणांतील मधुमेह टाळण्यासाठीं प्रोबायोटिक दिलेल्या प्रयोगांची छाननी केली. मधुमेह टळतो असें निश्चितपणें दिसलें नाहींच. उलट, चार प्रयोगांतील ९५५ स्त्रियांचा हिशेब मांडला तेव्हां, जंतु घेणाऱ्यांत प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे रक्तदाब चढून लघवींतून प्रथिन जाऊं लागण्याचा गर्भिणीचा घातक विकार, १.८५ पट आढळला. त्यांतील जंतु निराळे होते व बऱ्याच स्त्रिया स्थूल होत्या, हें खरें. तेव्हां स्तनदाहाच्या जंतूवर तोच ठपका ठेवतां येत नाहीं. परंतु गर्भिणीनें डॉक्टरांना न विचारतां स्वतःच्या मनानें पुडी घेऊं नये, एवढें सांगावयास हा पुरावा पुरेसा आहे. ज्यांचा रक्तदाब आधींच वर आहे किंवा वजन फार आहे, त्यांनीं तर अधिक जपावें.

मग घ्यावें कोणीं? मागच्या बाळंतपणांत जिला स्तनदाह झाला होता, एकदां किंवा दोनदां जिनें ते हाल सोसले आहेत, तिनें आपल्या डॉक्टरीणबाईंशीं याविषयीं अवश्य बोलावें. कारण मूळ प्रयोग अशाच स्त्रियांवर झाला आहे. पहिलटकरणीची गोष्ट वेगळी. तिचा धोका समजा शेंकडा १० आहे व तो या उपायानें निम्मा होतो असें घटकाभर धरून चालूं. तरी वीस जणींनीं दोन-अडीच महिने पुड्या खाव्या तेव्हां एकीचें दुखणें टळणार. खर्च मात्र विसांच्या विसांचा. हें त्रैराशिक नवऱ्यामुलानें दुकानांत उभें राहून मनांतल्या मनांत केलें तरी चालेल.

घ्यावयाचें ठरलें तर वेष्टनावरचें नांव पूर्ण वाचावें. हापूसही आंबा आणि रायवळही आंबाच. परंतु देवगडच्या कलमाचा भाव कोणी रस्त्यावरच्या रायवळाला देत नाहीं. जंतूंचेंही तसेंच आहे. जातीचें नांव एक असूनही वाण निराळा असेल तर गुण निराळा. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनीं २०११ सालीं जे नियम सुचविले त्यांत वाणाचें नांव आणि मुदत संपेपर्यंत जिवंत राहणाऱ्या जंतूंची संख्या वेष्टनावर असावी असें म्हटलें आहे. 'उत्तम जंतूंचें मिश्रण' एवढेंच मोघम छापलेलें असेल तर ती पुडी खुशाल परत करावी. त्यांत २०२० सालापासून शास्त्रज्ञांनीं लॅक्टोबॅसिलस या एका कुळाचीं पंचवीस कुळें केलीं. त्यामुळें सॅलिव्हेरियसचें आडनांव आतां लिजिलॅक्टोबॅसिलस व फर्मेंटमचें लिमोसिलॅक्टोबॅसिलस झालें आहे. जुनें व नवें नांव पाहून गोंधळून जाऊं नये.

येथें घरोघरच्या आजीबाई विचारतील, "मग आमचें दहींताक काय वाईट?" मुळींच वाईट नाहीं. गरोदरपणांत उकळलेल्या दुधाला विरजण लावून केलेलें ताजें दहीं प्रकृतीला मानवत असेल तर आनंदानें खावें. चुना, प्रथिन, पचनाला हलकेपणा, सारें त्यांत आहे. परंतु दह्यांत कोणता जंतु किती आहे याचा नेम नसतो. आमच्या इमारतींतलें विरजण तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर व तेथून पलीकडच्या सेक्टरांत जातें. त्या प्रवासांत कोण कोण पाहुणे त्यांत शिरतात हें सांगणें कठीण. म्हणून दहीं हें अन्न म्हणून खावें; त्याच्या भरंवशावर स्तनदाह टळेल असें मानूं नये.

आतां ज्याला पैसा लागत नाहीं असा उपाय सांगतों, व माझ्या मतें हाच पहिला. बाळ जन्मल्यावर शक्य तों पहिल्या तासांत त्याला थानाशीं लावावें. पहिलें पिवळसर चीक-दूध टाकून देऊं नये. बाळाचें तोंड मोठें उघडून स्तनाग्राभोंवतालचा काळा भागही बराचसा त्याच्या तोंडांत जाईल, हनुवटी थानाला टेकेल, असें धरावें. दुखत असेल तर धरण्यांत चूक आहे. बोटानें हळूच सोडवून पुन्हां लावावें. घड्याळ पाहून न पाजतां बाळ मागेल तेव्हां पाजावें. हें शिकविणारी अनुभवी परिचारिका पहिल्या दोन दिवसांत उशाशीं असणें हें दहा पुड्यांहून मोलाचें आहे. आमच्याकडे नेरूळला महानगरपालिकेचें माँसाहेब मीनाताई ठाकरे रुग्णालय आहे. येथील नव्या सेक्टरांतल्या व जुन्या गांवठाणांतल्या आयाबायांनीं प्रसूतीपूर्वीं जेथें नांव घातलें असेल तेथेंच "पाजावयास कोण शिकवील?" हें आधीं विचारून ठेवावें.

एका जुन्या चालीविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. बाळंतिणीला तेल लावणारी बाई आपल्याकडे येते, आणि तें सुखाचेंही असतें. परंतु थानांतील गांठ ती अंगठ्यानें रगडून 'फोडते', तें मात्र करूं देऊं नये. अंगावरच्या दुधाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळानें २०२२ सालीं नवे नियम दिले, त्यांत जोरानें चोळण्याचा व दूध पुनःपुन्हां उपसून थान रितें करण्याचा निषेध केला आहे. चोळल्यानें आंतील सूज वाढते. उपसल्यानें दूध आणखी उतरतें व तुंबतें. बाळ पिईल तेवढेंच काढावें. गार पाण्याची घडी ठेवावी. सूज व ताप उतरविणारें औषध डॉक्टर देतील तें घ्यावें. पूर्वीं शेकण्याचा उपदेश असे, आतां गार घडी. यानें आजीबाई रागावतील, परंतु पुढच्या खेपेस बाळंतीण त्यांना दुवा देईल. याच मंडळानें वर सांगितलेल्या दोन जातींच्या जंतूंचा विचार करण्यास हरकत नाहीं असें म्हटलें आहे, परंतु तो या साऱ्या उपायांच्या जोडीला.

आणि दूध तोडूं नये. स्तनदाहांतही तें दूध सर्वसाधारण निरोगी बाळाला बाधत नाहीं, आणि डॉक्टर या विकारांत सामान्यतः जीं प्रतिजैविकें देतात तीं पाजणाऱ्या आईला चालतात. आईच्या दुधाचें मोल काय हें मुंबईंत सर्वांत आधीं ओळखलें तें शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयानें. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं २७ नोव्हेंबर १९८९ रोजीं तेथें मातृदुग्धपेढी उघडली, आशियांतील पहिली. ज्या आयांना जास्त दूध येई त्यांचें दूध घेऊन, तपासून, उष्णता देऊन, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना तें पाजूं लागले. आणि डब्यांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा आपल्या देशांत १९९२ पासून आहे. तेव्हां एखाद्या दवाखान्यांत कोणी डबा फुकट हातांत ठेवूं लागला तर तो घेऊं नये, एवढें नव्या बापानें ध्यानांत ठेवावें.

डॉक्टरांकडे केव्हां जावें हें शेवटीं सांगतों. ताप चोवीस तासांत उतरला नाहीं, लाली पसरूं लागली, स्तनाग्राच्या भेगेंतून पू दिसला, किंवा गांठ मऊ होऊन आंत पाणी असल्यासारखी लागली, तर वाट पाहूं नये. त्याच दिवशीं जावें. गळूं झालें असेल तर पुष्कळदां सुईनें पू ओढून काढतां येतो, चिरण्याची पाळी येतच नाहीं. सुई घेऊन घरीं आल्यावरही बाळाला दुसऱ्या थानाला तर लावावेंच, आणि जखमेपासून बाळाचें तोंड दूर राहत असेल तर त्याही थानाला लावावें.